विषय: पुन्हा: शनिवारच्या कुस्तीची मॅट बसत नाही

मंडळी, हॉल मोजून आलो. स्टेजमुळे एका बाजूने ११ मीटरच मिळतात आणि मॅट १२ बाय १२ ची. नाना म्हणतात कड कापायची नाही. म्हणजे स्टेज हलवणं आलं. चार जण हवेत, नावं आजच द्या.
– सचिव

---

स्टेज काढलं तर नानांचा सत्कार कुठे करायचा? पोरांच्या तर कुस्त्या आहेत, कडेला साध्या गाद्या टाका की. मागच्या वर्षी कार्यक्रम समितीला न विचारता खुर्च्या हलवल्या होत्या, तसं नको.
– बापू

---

बापू, नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला गुण मिळतो, त्यामुळे पोरं कडेलाच जास्त रेटतात आणि पडतात पण तिथेच, म्हणून बाहेरची दीड मीटर त्याच जाडीची लागते, गादी खालीवर झाली तर घोटा गेलाच. नाना इंजिनियर माणूस, नोकरी सोडून यात पडले, अजून मॅटचे सांधे चिकटवले की गुडघ्यावर बसून तळहात फिरवत जातात, बोट अडकलं की टेप उचकटून परत लावायची. वजनाची यादी, नखं, गजकर्ण आहे का, सगळं स्वतः बघतात. इथे हौशी कुस्ती उभी राहिली ती यामुळे. सत्कार मॅटशेजारी करू, त्यांनाही तेच आवडेल.
– ताई

---

ताईंचं पटतं, पण तीन-तीन मिनिटांचे दोन डाव म्हणजे कुस्ती का? मातीतली निकाली कुस्ती एकदा तरी दाखवा पोरांना, चितपट झाल्याशिवाय सुट्टी नाही. मी लहानपणी तालमीच्या हौद्यात उतरलोय, मातीत दम किती लागतो ते मॅटवर नाही कळत.
– आप्पा

---

आप्पा, दमाचं खरंय, माती अंगात मुरलीच पाहिजे. पण खाशाबा जाधव मातीतलेच ना, १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटची सवय नव्हती तरी सहावे आले, मग मॅटचे नियम अंगवळणी पाडले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. आपल्या पोरांना बाहेर खेळायचंय तर मॅट पाहिजेच. स्टेजला मी येतो.
– भाऊ

---

भाऊ धरून तिघे झाले, अजून एक हवा. बापू, खुर्च्या तुम्हीच मांडा, आम्ही हात लावत नाही. रुंद टेप तुमच्याच गाडीत आहे ना? सकाळी आठला घेऊन या, नाना साडेसातलाच येऊन बसतील.
– सचिव