स्विचमधून बाहेर पडायला एक्सेप्शन फेकावं का?

मृणाल: जावा प्रोग्रॅममध्ये फाइल ओळीओळीने वाचतेय. व्हाइल लूपमध्ये, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या भागात, स्विच (व्हॅल्यूनुसार वाट निवडणारा भाग) आहे. 'समाप्त' ही ओळ आली की लूप थांबायला हवा, पण ब्रेकने फक्त स्विच सुटतो. टीममधल्या एका दादांनी एक्सेप्शन (एरवी चूक झाल्याचा इशारा) फेकून लूपबाहेर कॅचने पकडलंय. चालतंय, पण खटकतंय.

कोडकरी: खटकायलाच हवं. जावात लेबल आहे की! लूपच्या आधी नाव आणि कोलन, आत ब्रेकपुढे तेच नाव. एक्सेप्शन बनवताना जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठून कुठे आलो याची यादी, भरतं, त्याचा खर्च असतोच; जावा ७ पासून तो टाळायची थेट सोयही आहे. मला दुसरीच गोष्ट जास्त सलते. उद्या कुणी लूपच्या आत सगळी एक्सेप्शनं सरसकट पकडणारा कॅच लिहिला, की तुमचा 'समाप्त' तिथेच गिळला जाणार आणि लूप पुढे चालू. कॅच रिकामा असेल तर लॉगमध्येही काही सापडत नाही. मी अख्खा लूप वेगळ्या मेथडमध्ये (जावातलं फंक्शन) काढतो आणि रिटर्न करतो. टेस्टही नीट लिहिता येते.

अनघा: सी प्लस प्लसवाल्यांना लेबलचा ब्रेक नाही. तिथे गोटू (थेट दुसऱ्या ओळीवर उडी), नाहीतर वेगळं फंक्शन.

मृणाल: आमच्याकडे जावा १७ आहे. बाणवाला स्विच (केसपुढे कोलनऐवजी बाण) चालेल?

कोडकरी: चालेल, फॉल-थ्रू (ब्रेक विसरल्याने पुढच्या केसमध्ये घसरणं) टळेल. लूप तोडायला ब्रेकला लेबल तरीही लागेलच. मात्र स्विचची व्हॅल्यू व्हेरिएबलमध्ये घेत असाल, तर आतून बाहेरचा लूप तोडणं किंवा रिटर्न करणं कंपायलर चालवून घेत नाही. एक्सेप्शन तेवढं फेकता येतं. दादांचा स्विच तसा आहे का, ते आधी बघा.