गुडघे गेले की शिकवायला लागतात, म्हणे!

अनवाणी:
परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'टाच' यांनी लिहिलं, "समकालीन नर्तकाची खरी वर्षं रंगमंचावरची. गुडघे गेले की रचना करतो, तेही जमेना की क्लास काढतो." दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा.

मी सतरा वर्षं नाचतेय, अकरा वर्षं शिकवतेय, सहा रचना केल्या. हे एकामागून एक आलेलं नाही. एकाच दिवसात सकाळी क्लास, दुपारी तालीम, रात्री प्रयोग असं चालू आहे.

एकच गोष्ट सांगते. उभ्यावरून जमिनीवर जाताना आधी श्वास सोडायचा, मग नडगीची बाहेरची बाजू, मांडी, नितंब, शेवटी हात लांब सरकत जातो. गुडघ्याची वाटी टेकायलाच नको. हे मला येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच बॅचमधल्या एका मुलीने विचारलं, "ताई, तुमचा गुडघा आधी टेकतो, आम्हीही तसंच करायचं का?" तिला तो 'टक्' आवाज ऐकू येत होता. मला सहा वर्षं ऐकू आला नव्हता. त्या मुलीने विचारलं नसतं तर माझे गुडघे खरंच गेले असते. मी आजही नाचतेय ती शिकवते म्हणून.

अमेरिकेत आधुनिक नृत्य घडवणाऱ्या मार्था ग्रॅहॅमची नृत्यकंपनी १९२६ ची आणि शाळाही १९२६ चीच. निवृत्तीची सोय म्हणून काढलेली शाळा नव्हती ती.

टाच:
लिहिलेलं मागे घेत नाही. ग्रॅहॅमचंच घ्या. जन्म १८९४ चा आणि १९७० पर्यंत बाईंनी रंगमंच सोडला नाही. सोडावा लागल्यावर किती खचल्या, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. शिकवणं नाचण्याइतकंच मोठं असतं तर एवढं का लागलं असतं?

माझ्या पाठीत दोन मणके सरकलेत. मी शिकवतो, चांगलं शिकवतो. पण अंधारात विंगेत उभं राहून पहिल्या प्रकाशाची वाट बघणं मला दुसरं काहीही देत नाही. मन राखण्यासाठी सगळं सारखंच म्हणायचं, हे मला जमणार नाही.

अनवाणी:
दुःख झालं म्हणून पुढचं काम हलकं ठरत नाही, दादा. खचल्या आणि उठल्याही. १९९० मध्येही नवी रचना केली त्यांनी.

दुसरी विंग:
टाच, गुडघ्यांवर वय ठरवणंच चूक. नेदरलँड्स डान्स थिएटरने १९९१ मध्ये फक्त चाळिशीपुढच्या नर्तकांची तिसरी कंपनी काढली होती. तेव्हाचे तिथले कलादिग्दर्शक यिरी किलियन यांची कल्पना. कोवळ्या शरीराला न जमणारं काम होतं ते.

टाच:
आणि २००६ मध्ये बंद पडली. तेही सांगा.

सहावी रांग:
मधे बोलतेय, पण अनवाणीताई, "सहा रचना केल्या" म्हणालात त्यातल्या हालचाली तुमच्या किती आणि नर्तकांच्या किती?

विचारते कारण एका कामात मी चार महिने होते. रचनाकार खुर्चीत बसून म्हणाले, "निरोप घेणारा हात दाखवा." माझी आजी शेवटी बोलू शकत नव्हती, बोटं एकेक करून मिटायची, करंगळी उघडीच राहायची. मी तो हात केला. तोच पोस्टरवर आला. पत्रकात माझं नाव 'सहभाग'मध्ये नववं. मी सोडल्यावर व्हिडिओ लावून तो हात दुसऱ्या मुलीला शिकवला. तिला करंगळी का उघडी, हे कुणी सांगितलंसुद्धा नाही.

मोकळी जागा:
आलाच हा विषय! वीस वर्षं ऐकतेय. तालमीत दोनशे हालचाली येतात, एकशे ऐंशी मी टाकते. उरलेल्या वीस कशानंतर काय, किती वेळ, कुणाकडे पाठ करून, हे ठरवणं म्हणजे रचना. प्रयोग पडला तर शिव्या मला एकटीला. तेव्हा नववं नाव कुठे असतं?

जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश तालमीत प्रश्न विचारायची, नर्तक हालचालींतून उत्तरं द्यायचे. तरी १९७८ चं 'कोन्टाक्टहोफ' तिचंच. २००० मध्ये ते पासष्टीपुढच्या हौशी माणसांनी केलं, २००८ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांनी. मूळ नर्तक नसतानाही उभं राहिलं, कारण रचना भक्कम होती.

सहावी रांग:
त्या मुलांची तालीम कुणी घेतली तेही लिहा ना. जो ॲन एन्डिकॉट आणि बेनेडिक्ट बिये, दोघी बाउशच्याच नर्तकी. कुठला हात का उचलायचा, हे त्यांच्या अंगात होतं म्हणून ते उभं राहिलं. व्हिडिओ लावून नाही.

दुसरी विंग:
मालकीचं म्हणाल तर ग्रॅहॅम १९९१ मध्ये गेल्यावर त्यांचा वारस आणि त्यांचीच संस्था कोर्टात गेले. २००२ मध्ये न्यायालयाने बहुतेक रचना संस्थेच्या ठरवल्या, कारण बाई तिथे पगारी होत्या. जिथे ग्रॅहॅमच्या रचना ग्रॅहॅमच्या नाहीत, तिथे करंगळीचं कोण विचारतो?

सहावी रांग:
मी विचारते. मला मालकी नकोच, नाव हवंय.

मोकळी जागा:
उद्या प्रत्येक बोटाखाली नाव घालायचं का? आमच्या पिढीने असले हिशेब ठेवले नाहीत.

अनवाणी:
ताई, तुमच्या पिढीने ठेवले नाहीत म्हणूनच आम्हाला ठेवावे लागतात. आणि सहावी रांग, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर : माझ्या सहांपैकी चार कामांत निम्म्याहून जास्त हालचाली नर्तकांच्या आहेत. पत्रकावर 'नृत्यरचना' म्हणून माझं एकटीचं नाव आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

टाच:
धागा कुठून कुठे गेला! पण एन्डिकॉट-बियेंचा मुद्दा मान्य. म्हणजे शिकवण्याबद्दल तेवढाच मान्य. काम अंगातून अंगात जातं, कागदावरून नाही. माझ्याकडेही दोन कामं आहेत जी आता फक्त माझ्या अंगात उरलीत. मूळ रचनाकार नाहीत, बाकीच्यांनी नाच सोडला. पाठीमुळे करून दाखवता येत नाहीत. तोंडी सांगून किती पोचेल, ठाऊक नाही.

अनवाणी:
तोंडी सांगा. मी येते करायला.

मोकळी जागा:
पुढच्या पत्रकात 'हालचाली' म्हणून नर्तकांची नावं घालीन. क्रम माझा आहे, तो माझ्याच नावावर राहील.

सहावी रांग:
क्रमावर कुणी हक्क सांगितलाच नव्हता, ताई. आणि टाचदादा, जागा असेल तर मीही येते. मला फक्त कुठला हात का, ते सांगा.