कारण-परिणामाच्या प्रश्नात उलटं उत्तर कसं ओळखायचं?

तयारीवाला:
बँक पीओची तयारी चालू आहे, रीझनिंगमध्ये दोन विधानं देऊन कुठलं कारण कुठलं परिणाम विचारतात ना त्यात गोंधळ होतोय. उदा. १) सरकारने या आठवड्यात तूरडाळीवरचं आयात शुल्क काढलं. २) गेले दोन महिने तूरडाळीचे भाव चढेच आहेत. ॲन्सर की म्हणते २ कारण, १ परिणाम. पण आयातीने भावावर फरक पडतोच की, मग १ कारण का नाही?

कोल्हापुरी_गडी:
पडतो रे, पण कुठल्या बाजूने? आयात स्वस्त झाली तर भाव उतरतील, चढतील कशाला. पेपर काढणारे मुद्दाम परिणाम वर छापतात आणि आपण वरचं ते कारण धरून मोकळे होतो. मधे 'म्हणून' घालून दोन्हीकडून वाच, "शुल्क काढलं म्हणून भाव चढले" लगेच खटकतं.

मीनल_ता:
बँकेला हे चालेल, कॅट-जीमॅटला (एमबीएच्या प्रवेश परीक्षांना) दोन्हीकडून पटेल असंच देतात. "रोज फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांचे गुडघे कमी दुखतात, म्हणजे फिरल्याने गुडघे चांगले राहतात." आता ज्यांचे मुळात दुखत नाहीत तेच फिरायला जात असतील तर? युक्तिवाद कमकुवत करा म्हटलं की आधी असा उलटा पर्याय शोधायचा. फिरणं चांगलंच असतं हे आपल्याला माहितीये म्हणून तो खोडू नका, तिथे दिलेल्या पुराव्यावरून काय निघतं एवढंच बघायचं.

जुना_खोड:
फिशरने हेच केलं होतं की. संख्याशास्त्रातला बाप माणूस, पण सिगारेटने कॅन्सर होतो असं बाकीचे म्हणत होते तेव्हा, १९५८ च्या सुमारास, हा म्हणाला की कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेत जो त्रास होतो त्यामुळेच माणूस सिगारेटकडे वळत असेल तर? (स्वतः पाइप ओढायचा, ते सोडा.) डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ लाच ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून सवयी लिहून घेतल्या होत्या आणि मग वर्षानुवर्षं कोण कशाने जातंय ते बघत बसले. सवय आधी नोंदलेली, आजार नंतर, शिवाय सिगारेट सोडलेल्यांचा धोका कमी होत गेला, मग उलटं म्हणणं टिकत नाही. मजबूत करणारा पर्याय विचारला तर असलं काहीतरी शोधा.

तयारीवाला:
म्हणजे 'या आठवड्यात' आणि 'गेले दोन महिने' हे उगाच नव्हतं. मग "धरणातून विसर्ग वाढवला" आणि "नदीकाठच्या गावांना इशारा दिला" यात? इशारा तर पाणी सोडायच्या आधीच देतात.

मीनल_ता:
पाणी सोडायचं ठरलं म्हणून इशारा दिला ना. ठरणं आधीच झालंय. विसर्ग कारण मार आणि पुढच्या प्रश्नाला लाग.