मदत हवी आहे: वाय-फाय आणि डायल-अप यांत अदलाबदल करताना नेट अडकतं

पडवी
घरच्या कॉम्प्युटरला वाय-फाय आहे. लाइट गेली की डायल-अप लावावं लागतं. लाइट आली की वाय-फायच्या पाचही काड्या दिसतात, पण एकही पान उघडत नाही. वर डायल-अपची खिडकी सारखी उठते, कॅन्सल केली की पुन्हा येते. रीस्टार्ट केल्यावर सुटतं. हे दिवसातून चार-पाचदा करावं लागतंय. कायमचा उपाय सांगा. फॉरमॅट मारा असं कृपया कोणी सांगू नका, तो करून झालाय.

खटपट्या
अपुरी माहिती आहे. विंडोज कोणतं? डायल-अप म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम की यूएसबी डोंगल? लाइट आल्यावर डायल-अप तोडता की तसंच ठेवता?

अण्णा वायरमन
मूळ दुखणं लाइटचं आहे, विंडोजचं नाही. राऊटरला 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी जोडा, जी साध्या यूपीएसमध्ये असते तीच. राऊटर पाऊण अँपिअरच्या आत खातो, सहा-सात तास आरामात निघतात. डायल-अपची गरजच उरणार नाही.

तारामंडळ
टेलिफोनच्या तारेवरचा 56केचा मोडेम असेल तर आधी मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा. व्हॉइसमेलचा निरोप पडून असला की टोन तुटक येतो, मोडेमला तो ओळखता येत नाही आणि एरर 680 येते. खूण काढूनही जमलं नाही तर जादा कमांडच्या चौकटीत एटीएक्स3 टाका, मग टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

पडवी
विंडोज 7. डोंगल आहे, 3जी, *99# वाला. आजकाल डायल-अप म्हणजे डोंगलच ना? लाइट आल्यावर मी काही तोडत नाही, वाय-फाय आपोआप जोडलं जातं.

खटपट्या
इथेच गोम आहे. डायल-अप जोडलं की विंडोज डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा मुख्य रस्ता, त्याच्याकडे देतं. वाय-फाय नंतर जोडलं गेलं तरी वाहतूक डोंगलवरूनच जाते. डोंगलची रेंज लटकली की वाय-फायच्या काड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही. रेंज चांगली असेल तर आणखी वाईट, डोंगलचा डेटा पॅक गुपचूप संपतो.

खात्री करून घ्या. पुढच्या वेळी अडकलं की रीस्टार्ट करू नका. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) रूट प्रिंट ही कमांड द्या (इंग्रजी अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून). वरच्या यादीत 0.0.0.0 ने सुरू होणाऱ्या किती ओळी आहेत आणि शेवटच्या रकान्यात, म्हणजे मेट्रिकमध्ये, काय आकडे आहेत ते इथे लिहा.

सुटसुटीत
एवढं कशाला? डायल-अपच्या प्रॉपर्टीज, नेटवर्किंग, आयपी व्हर्जन 4, अॅडव्हान्स्ड. तिथली 'यूज डीफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क'ची खूण काढा. वाहतूक वाय-फायवरच राहील. दोन मिनिटांचं काम.

खटपट्या
सुटसुटीत, ती खूण काढली तर लाइट गेल्यावर डोंगल 'कनेक्टेड' दाखवेल आणि एकही पान उघडणार नाही, कारण बाहेर जायचा रस्ताच उरणार नाही. ऑफिसच्या व्हीपीएनसाठी, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या खासगी बोगद्यासाठी, ती युक्ती बरोबर आहे, कारण तिथे फक्त ऑफिसपुरती वाहतूक बोगद्यातून न्यायची असते. इथे डोंगल हेच पूर्ण नेट आहे. पडवी, ती खूण राहू द्या.

सुटसुटीत
मान्य. दोन्ही एकाच वेळी चालू असतात असं धरून लिहिलं होतं.

पडवी
दोन ओळी आहेत. एकीत 192.168.1.1 आणि मेट्रिक 4250. दुसरीत ऑन-लिंक आणि 31. आता पुढे काय?

खटपट्या
लहान आकडा जिंकतो. 31 वाली ओळ डोंगलची आहे. निदान पक्कं झालं. आता दोन कामं करायची.

पहिलं, उठणारी खिडकी. कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स. तिथे तीन पर्याय दिसतील. तुमच्याकडे बहुतेक मधला निवडलेला असेल, नेटवर्क नसेल तेव्हा डायल करा असा. वाचायला तो सोयीचा वाटतो, पण वाय-फाय जोडलं जायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात कुठलाही प्रोग्रॅम नेट मागतो, की खिडकी उठते. सर्वांत वरचा 'नेव्हर डायल' निवडा. तिथेच डायल-अपचं नाव निवडून शेजारचं सेटिंग्ज बटण दाबा आणि प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या पत्त्याची, जागा रिकामी आहे ना बघा. डायल-अपची प्रॉक्सी वेगळी असते आणि लॅनची, म्हणजे वाय-फायची, वेगळी. एकीकडे नीट केलं म्हणून दुसरीकडे नीट होत नाही.

दुसरं, अदलाबदल हाताने पण नेमकी करायची. नोटपॅडमध्ये दोन बॅच फाइली (उघडल्या की आतल्या कमांड ओळीने चालतात) बनवा. डोंगलच्या फाइलमध्ये दोन ओळी: आधी नेटएसएच डब्ल्यूलॅन डिस्कनेक्ट, मग रासडायल आणि पुढे डायल-अपचं नाव. वाय-फायच्या फाइलमध्ये तीन: रासडायल, नाव, तिरकी रेघ आणि डिस्कनेक्ट, मग नेटएसएच डब्ल्यूलॅन कनेक्ट, नेम बरोबर तुमच्या वाय-फायचं नाव, शेवटी आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस. डायल-अपच्या नावात जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर पहिला शब्दच नाव समजला जातो. फ्लशची ओळ गाळू नका. मधल्या काळात न सापडलेली नावं विंडोज काही वेळ 'नाही' म्हणून लक्षात ठेवतं, त्यामुळे रस्ता बरोबर असूनही तीच पानं उघडत नाहीत.

कोणी विंडोज एक्सपीवर वाचत असेल तर नेटएसएच डब्ल्यूलॅन तिथे चालत नाही, ते व्हिस्टापासून आलं.

पडवी
डोंगलची बॅच चालवली तर एरर 633, मोडेम वापरात आहे म्हणे.

तारामंडळ
डोंगलसोबत आलेलं सॉफ्टवेअर चालू आहे. ते पोर्ट धरून बसतं. घड्याळाशेजारच्या त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून एक्झिट करा, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. स्टार्टअपमधूनही काढून टाका. मग स्वतःचं डायल-अप कनेक्शन बनवा: नंबर *99#, नाव-पासवर्ड बहुतेक वेळा रिकामे. एपीएन, म्हणजे सिमच्या कंपनीने ठरवलेलं नेटचं नाव, लागत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या मोडेमच्या प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, जादा कमांडची चौकट: एटी, अधिकचं चिन्ह, सीजीडीसीओएनटी, बरोबरचं चिन्ह, 1, स्वल्पविराम, मग अवतरणांत आयपी, स्वल्पविराम, अवतरणांत एपीएन. एक स्वल्पविराम चुकला तरी मोडेम एरर देतो.

आणि डोंगल सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर लांब असते. रेंज कमी असताना डोंगल जास्त करंट ओढतं आणि मधेच सुटतं.

अण्णा वायरमन
माझ्या मुद्द्याला कोणी हातच लावला नाही. राऊटर इन्व्हर्टरवर का नाही?

पडवी
राऊटर इन्व्हर्टरवरच आहे. त्याला नेट पुरवणारा मोडेम वेगळा आहे, खाली टेलिफोनच्या पॉइंटपाशी. तो साध्या लाइटवर आहे.

खटपट्या
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! लाइट गेल्यावर वाय-फाय तुटतच नाही, फक्त त्यामागचं नेट जातं. विंडोजच्या दृष्टीने नेटवर्क हजर आहे. म्हणून डोंगलच्या बॅचमधली पहिली ओळ, वाय-फाय तोडण्याची, तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. आणि अण्णा बरोबर आहेत. मोडेम टेलिफोनच्या तारेवरचा आहे का? असेल तर लाइट गेल्यावरही लाइन चालू राहील, कारण एक्सचेंजला स्वतःच्या बॅटऱ्या असतात. केबलवाल्याचं नेट असेल तर नाही, त्याचा मधला स्विच लाइटवर असतो.

पडवी
टेलिफोनचाच. पण खाली इन्व्हर्टरचा पॉइंट नाही.

अण्णा वायरमन
मग मोडेम वर आणा. टेलिफोनची जोडी वर ओढा, जोड शक्यतो एकच द्या आणि स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) खालीच ठेवा. ते नको असेल तर मोडेम खाली ठेवून बॅटरी लावा, पण अॅडॉप्टरवर काय छापलंय ते आधी बघा. 12 व्होल्ट असेल तरच. 7 एएचची बॅटरी चार्जिंगला 13.8 व्होल्टपर्यंत जाते. 9 व्होल्टचा मोडेम थेट लावला तर जळेल. पिनेच्या आत अधिक आहे की उणे, तेही अॅडॉप्टरवर गोलाच्या चित्रात दिलेलं असतं.

पडवी
मोडेमचा अॅडॉप्टर 9 व्होल्टचा निघाला, म्हणून तार वर ओढली. काल सव्वादोन तास लाइट नव्हती, नेट सुरू होतं. दोन्ही बॅच डेस्कटॉपवर ठेवल्यात, तार मेली की डोंगलसाठी. खिडकी पुन्हा उठलेली नाही. एकदा डोंगल न तोडता उपटलं, तेव्हा पुन्हा पान अडकलं.

खटपट्या
उपटण्याआधी वाय-फायची बॅच चालवा, म्हणजे रासडायल आधी नीट तोडेल. तरी अडकलं तर रूट प्रिंटमध्ये 31 ची ओळ उरली आहे का बघा. उरली असेल तर वाय-फाय एकदा तोडून जोडा, रीस्टार्ट नको.