आपल्या कामाबद्दल नेटवर लिहून करिअरला खरंच फायदा होतो का?

मकरपुरावाला:
मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मेंटेनन्सला, ११ वर्षं झाली. मागे एका गिअरबॉक्सचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ नये म्हणून शाफ्टभोवती बसवतात ती रिंग) तीनदा बदललं तरी गळती थांबेना, शेवटी शाफ्ट बाहेर काढून नख फिरवलं तर सीलची लिप, म्हणजे आतली कड, जिथे घासते तिथेच बारीक ग्रूव्ह (खाच) पडलेला! त्यावर स्लीव्ह (पातळ नळी) चढवली, गळती बंद. हे हाताने काढलेल्या स्केचसकट लिंक्डइनवर लिहिलं आणि त्यावरून हालोलच्या एका प्लँटमधून फोन आला, इंटरव्ह्यूत अर्धा तास त्या ग्रूव्हवरच बोलणं. आता तिथे जॉइन होतोय. आपल्या लोकांनी लिहायलाच हवं, एवढं काम करतो आणि गेटबाहेर कुणाला पत्ता नसतो.

रावपुऱ्याचा काका:
अभिनंदन, पण पटत नाही. माझ्या भाच्याने उत्साहात मशीनचा फोटो टाकला, मागे टेबलावर कस्टमरचं ड्रॉइंग उघडं, पार्ट नंबर स्पष्ट वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावलं, महिन्याभरात राजीनामा. अपॉइंटमेंट लेटरमधलं गोपनीयतेचं कलम कोण वाचतं? आणि नोकऱ्या ओळखीनेच लागतात, मला तिन्ही तशाच लागल्या.

मकरपुरावाला:
भाच्याचं फार वाईट झालं काका. मी म्हणूनच फोटो टाकत नाही, कंपनीचं नाव नाही, साहेबांना आधी दाखवतो. पण ज्याचं कुणी ओळखीचं नाही त्या पोराने काय करायचं? माझ्या घरात इंजिनिअर झालेला मीच पहिला.

प्रिंटमेकर_बडोदा:
मी बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सची. लिहा, दाखवा, पण सगळं दुसऱ्याच्या अ‍ॅपवर ठेवू नका. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर्सवाले एका रात्रीत रिकामे झाले. मी स्वतःच्या डोमेनवर ब्लॉग ठेवते, छापाची धातूची प्लेट कशी कोरली, अ‍ॅसिडमध्ये किती मिनिटं ठेवली, कुठे फसली सगळं लिहिते, इन्स्टावर फक्त लिंक. मला वर्कशॉप घ्यायला बोलावलं ते फसलेल्या प्लेटची पोस्ट वाचूनच.

रावपुऱ्याचा काका:
कलेचं वेगळं ग. आमच्या लाइनीत तेवढे तास अभ्यास करून बॉयलरची बीओई (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर) परीक्षा पास झालात तर ते सर्टिफिकेट कुठेही चालतं, लाइक कुणी विचारत नाही.

मकरपुरावाला:
बीओईचा फॉर्म मीही भरलाय काका. लिहितो महिन्यातून एकच, रविवारी सकाळी. भाच्याला माझा नंबर द्या, त्याने त्या मशीनवर काय केलं होतं ते ड्रॉइंग न दाखवता कसं लिहायचं, आम्ही दोघं बसून बघू.