मदत हवी आहे: मुलीचं नाव 'नूर' ठेवावं का? अर्थ, चलती आणि स्पेलिंग

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला कतारमध्ये, दोह्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. आमचं माहेर चिपळूणकडचं, आम्ही कोकणी मुसलमान. शाळा मराठी, त्यामुळे अरबी येते ती कुराण वाचण्यापुरती; शब्दांचा अर्थ विचारलात तर बोंब. आणि नाव शोधायचं काम खाला (मावशी) म्हणून नेमकं माझ्याच गळ्यात आलंय.

बहिणीच्या मनात 'नूर' पक्कं आहे. मेहुण्यांचं मत 'झिया'. घरच्या ग्रुपवर नाव टाकल्यापासून रोज नवीन हरकत येतेय. भाऊ म्हणतो, हे मुलाचं नाव. चेन्नईकडून आयपीएल खेळणारा अफगाणिस्तानचा नूर अहमद विसरलात का? अम्मीला नुसतं 'नूर' अर्धवट वाटतं. तिच्या पिढीत गावात नूरजहाँ, नूरबी, नुरुन्निसा अशी ऐसपैस नावं. एका चुलतभावजयीने फॉरवर्ड पाठवला की हे अल्लाहचं नाव आहे, माणसाला ठेवता येत नाही. आणि बहिणीच्या शेजारणी म्हणतात, हल्ली वर्गात दोन-दोन नूर असतात, नाव फार झालंय.

बाळनावांच्या साइट बघून झाल्या. एकीवर नूरचा शुभ वार आणि भाग्यरत्न दिलंय, पुढे काही वाचवलं नाही.

इस्पितळाच्या फॉर्मवर नावाला दोन चौकोन आहेत, एक अरबी, एक इंग्रजी. बहिणीने फोटो पाठवला. अरबीच्या चौकोनात तिथल्या बाईंनी पेन्सिलीने नून-वाव-रे, म्हणजे नूर, लिहून ठेवलंय, इंग्रजीचा मोकळा आहे. तिथे काय लिहायचं तेही सांगा: डबल ओ, यू की ओ-यू?

---

शाईदौत

अभिनंदन खालाजान! पेढे उधार.

अर्थ सोपा आहे: प्रकाश, तेज. पण अरबीत प्रकाशाला एकच शब्द नाही, आणि गंमत अशी की तुमच्या घरातली दोन्ही नावं कुराणाच्या एकाच आयतीत (वचनात) शेजारी बसलेली आहेत. सूरा (अध्याय) युनूसची पाचवी आयत: सूर्याला 'झिया' केलं आणि चंद्राला 'नूर'. झिया म्हणजे स्वतः जळून पडणारा लख्ख उजेड, नूर म्हणजे डोळ्याला न टोचणारा, असा फरक जुने भाष्यकार करतात. ताई आणि मेहुणे चंद्र-सूर्यावरून भांडतायत म्हणायचं.

आता भावाची हरकत. नूर हे अरबीत दोन्हींचं नाव आहे, मुलाचं आणि मुलीचंही. पण 'झिया'चं पारडं तर त्याहून मुलांकडे झुकतं. शिवाय अरब त्याचा उच्चार झिया करत नाहीत. तिथे सुरुवातीचं अक्षर जाड 'द'सारखं आहे. दोह्यातल्या वर्गात बाई 'दिया' म्हणून हाक मारतील आणि यादीत आधी मुलगा समजतील.

'अल्लाहचं नाव' याबद्दल: 'अन-नूर' हे नव्याण्णव नावांच्या प्रचलित यादीत आहे, चोविसाव्या सूरेचं नावही तेच, आणि तिच्यातली पस्तिसावी आयत प्रसिद्धच आहे. पण पुढचं 'अन' (हे 'अल'चंच रूप) न लावता नुसतं नूर माणसांना शतकानुशतकं ठेवलं जातंय. रहीम, करीम आपण ठेवतोच ना? मन खात असेल तर तुमच्या ओळखीच्या मौलानांना विचारा, फॉरवर्ड करणाऱ्याला नको.

याच धातूची भावंडं तुमच्या घरात असतीलच: मुनीर, अन्वर (म्हणजे अधिक तेजस्वी), मुनव्वर. मदीना मुनव्वरामधलं मुनव्वरा तेच. आपला मराठी 'मनोरा'ही त्याच घरातला, अरबी 'मनारा'वरून आलेला. मूळ अर्थ उजेडाची जागा, दीपस्तंभ.

---

सरळमार्गी

प्रकाशच हवा तर दीप्ती, प्रभा, ज्योती ही नावं काय वाईट आहेत? मराठी माणसाने मराठी नाव ठेवावं. हलके घ्या.

---

शाईदौत

हलकेच घेतो. पण साहेब, आपण 'चेहऱ्याचा नूर पालटला' म्हणतो, 'सभेचा नूर पाहून भाषण आवरतं घेतलं' म्हणतो. तेव्हा कोणी व्हिसा विचारत नाही.

---

वाळूतली पावलं

मस्कतमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे चलतीबद्दल लिहितो.

नूर अरबांत जुनंच नाव आहे, पण आखातात त्याची एकदम लाट आली ती २००८ साली. 'ग्युमुश' नावाची तुर्की मालिका सीरियन बोलीत डब होऊन एमबीसी या अरबी वाहिनीवर लागली. मूळ नायिकेचं नाव ग्युमुश, म्हणजे चांदी. अरबीत तिची 'नूर' केली, मालिकेचंही नाव तेच, आणि नायक मेहमेतचा 'मुहन्नद' झाला. तुर्कस्तानात मालिका बेताचीच चालली होती. अरब जगात रस्ते ओस पडायचे. त्यानंतर जन्मलेल्या नूर आणि मुहन्नद किती, विचारू नका. शेजारणी म्हणतात ते म्हणूनच अगदी हवेतलं नाही. पण त्या लाटेतल्या पोरी आता कॉलेजात गेल्या.

त्याआधी जॉर्डनच्या राणीमुळे नाव गाजलं होतं. राजे हुसेन यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या लिसा हलाबी यांच्याशी लग्न केलं आणि त्या नूर अल-हुसेन झाल्या, हुसेनचा प्रकाश. खेळात म्हणाल तर स्क्वॉशमधली इजिप्तची नूर अल-शेरबीनी, अनेकदा जगज्जेती. भावाला तिचं नाव सांगा, फिटंफाट होईल.

बाईचंच नाव आहे हे ठसठशीत दिसायला हवं असेल तर आखातात 'नूरा' फार चालतं. रियाधला नूरा बिन्त अब्दुलरहमान यांच्या नावाचं बायकांचं अवाढव्य विद्यापीठ आहे. त्या सौदीचे पहिले राजे अब्दुलअझीझ यांच्या बहीण.

---

तांबडीमाती

नूरा अजिबात नको! मी कोल्हापूरचा. आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. पोरगी सुट्टीत महाराष्ट्रात आली आणि कुणाशी भांडली की ऐकवतील.

---

खाडीकाठ

तांबडीमाती 😂 नूरा बाद. भावाला शेरबीनीचा व्हिडिओ पाठवला, 'बघितलं' एवढंच उत्तर आलं. म्हणजे पटलंय.

अम्मीचा प्रश्न मात्र तसाच आहे. तिचं म्हणणं, नूर म्हणजे उजेड, पण कसला? कोणाचा? नावाला पुढे काहीतरी हवं. खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. तिच्या तोंडात नूरजहाँ जसं घोळून येतं तसं नूर येत नाही, हाक मारेमारेतो संपतं.

---

शाईदौत

आईंचं म्हणणं आपल्याकडच्या रिवाजाला धरून आहे. हिंदुस्थानात आणि इराणी वळणात नूर बहुतेक वेळा जोडनावातच आलं. नूरजहाँ हे मुळात आईबापांनी ठेवलेलं नावही नव्हे. बाईंचं नाव मेहरुन्निसा. १६११ मध्ये जहांगीरशी लग्न, मग नूरमहल हा किताब, आणि १६१६ मध्ये नूरजहाँ. बादशहा स्वतः नूरुद्दीन, तेव्हा किताबात त्याने स्वतःचाही उजेड पाडून घेतला. पुढे तिच्या नावाची नाणी पडली, हा मान मोगल घराण्यात दुसऱ्या कुठल्या बेगमेला मिळालेला नाही. पण 'जहाँ' फारसी आहे. दोह्यातल्या कारकुनाला ते प्रत्येक वेळी अक्षरं सांगून लिहून द्यावं लागेल.

तुर्क नूर शेपटाला लावतात: आयशेनूर, गुलनूर. मलेशिया-इंडोनेशियात ते डोक्याला, नूर अमुक किंवा नुरुल तमुक. आणि तिथे इतक्या मुलींच्या नावाची सुरुवात नूरने होते की घरी हाक दुसऱ्याच शब्दाने मारतात. अरबी जोडनावंच हवी असतील तर नूर-अल-हुदा किंवा नूर-अल-ऐन. दुसऱ्याचा अर्थ डोळ्यांतला प्रकाश, आईंना आवडेल. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे नूर फातिमा, नूर मरियम असं दोन शब्दांत.

---

मांडवीचा पूल

बडोद्याची मराठी. नुरुन्निसा म्हटल्यावर राहवलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधून ब्रिटिशांसाठी गुप्त वायरलेस चालवणाऱ्या नूर इनायत खान यांचं पूर्ण नाव नूर-उन-निसा. वडील इनायत खान आमच्या बडोद्याचे, १८८२ चा जन्म. इनायत खानांचे आईकडचे आजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारी गवई, सयाजीरावांच्या काळात संगीतशाळा उभी करणारे. मुलीचा जन्म मॉस्कोचा, वाढली फ्रान्समध्ये. पकडली गेली तरी तोंड उघडलं नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. एवढी मोठी बाई, आणि घरचं बाहेरचं सगळं जग तिला नुसतं नूर म्हणतं. आईंना हेही सांगा.

---

गोदाकाठी

नांदेडहून. आमच्या गल्लीत शीख घरांत नूर आणि नूरप्रीत दोन्ही आहेत, एक माझ्या मुलाच्या वर्गात. गुरुग्रंथसाहेबात कबीरांचं वचन आहे, 'अव्वल अल्लह नूर उपाया, कुदरत के सब बंदे'. हुजूर साहिबला कीर्तनात ऐकलंय. सुट्टीत ये-जा करताना नावाची इथे कुणाला फोड करून सांगावी लागणार नाही.

---

सायकलवाला डच

आइंडहोवनहून आणखी एक भर. इथे नूर फार चालतं आणि ते चक्क डच नाव आहे! एलेओनोराचं लघुरूप, लाडाने नूर्त्ये. स्पेलिंगही तेच, डबल ओ, मात्र डच उच्चार 'नोर'च्या जवळचा. आमच्या शेजारची सोनेरी केसांची नूर अरबी असेल असं समजून माझी बायको पहिल्या ईदला शीरखुर्मा घेऊन गेली होती. त्यांनी आवडीने खाल्ला, आता दरवर्षी विचारतात.

---

खाडीकाठ

शीरखुर्मा 👌

मौलानांशी बोलले, त्यांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. अम्मीला नूर-अल-ऐन ऐकवलं, तर म्हणाली, छान आहे, पण मला म्हणता येत नाही. नूर फातिमा म्हटल्यावर दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि भाजी निवडायला बसली. हा आमच्या घरात होकार असतो. मेहुणे दुसऱ्या मुलासाठी झिया राखून ठेवतायत.

आता फक्त तो मोकळा चौकोन राहिला.

---

मोहोर

पासपोर्टची कामं करते, म्हणून लिहितेय.

एन-डबल ओ-आर लिहा. ओ-यू हे फ्रेंच वळण, लेबनॉन-इजिप्तकडे जास्त. नुसता यू बरोबर आहे, पण आपल्याकडे नुर असं ऱ्हस्व वाचतील. मराठीतही कुठे लिहायची वेळ आली तर दीर्घच, नूर.

त्याहून महत्त्वाचं: पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. कोकणातल्या बऱ्याच जुन्या पासपोर्टवर नाव एकाच रकान्यात असतं. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा अडवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांची विमानतळावर फजिती झाली. तुमचं परकार, मुकादम, चौगुले जे काय असेल ते आडनावात घाला. फातिमा आडनावात टाकायचा मोह टाळा, पुढे शाळेत ते कुटुंबाचं नाव समजतात आणि बापाच्या कागदांशी जुळत नाही.

दुसरं, मुलगी परदेशात जन्मलीय, तेव्हा भारतीय दूतावासात जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करायची आहे. तिथे, कतारच्या दाखल्यावर आणि पासपोर्टच्या अर्जात स्पेलिंग अक्षर न अक्षर तेच हवं. दाखला हातात आला की काउंटर सोडण्याआधी वाचून घ्यायला सांगा, अरबी बाजूसुद्धा.

---

खाडीकाठ

मोहोर, खूप खूप धन्यवाद. मेहुण्यांच्या पासपोर्टवर खरंच आडनाव नाहीये! तिथे नावापुढे वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे. मग मुलीच्या फॉर्मवर आडनाव घातलं तर बापाशी जुळणार कसं?

---

मोहोर

आधी मेहुण्यांचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. री-इश्यूच्या अर्जात नावाची विभागणी करता येते, सोबत आडनाव असलेला जुना कागद जोडायचा, शाळेचा दाखला असेल तर उत्तम. ते दोह्यातूनच दूतावासामार्फत होईल. नवा पासपोर्ट आला की तिथल्या रहिवासी कार्डावरही बदल करावा लागेल, तोही लगेच उरकून टाकायला सांगा. मुलीचा पासपोर्टचा अर्ज त्यानंतर टाका, मात्र फार लांबवू नका. इस्पितळाच्या फॉर्मवर आज फक्त नूर फातिमा लिहा.