इंग्रजांनी नागपूर घडवलं म्हणणाऱ्यांना

महालकर
काल इथेच एकाने लिहिलं की इंग्रज अजून पन्नास वर्षं राहिले असते तर नागपूर कुठल्या कुठे गेलं असतं. स्टेशन त्यांचं, विधान भवन त्यांचं, सिव्हिल लाइन्समधली झाडंही त्यांची, आपण फक्त रंग मारला. खाली शाबासकीची रांग लागली. रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितो.

नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात काढले, दागिने कोलकात्याला नेऊन विकले. म्हाताऱ्या राणी बांकाबाईंनी विरोध केला, त्याला कोणी विचारलं नाही. आगगाडी १८६७ मध्ये आली. १८७० मध्ये खामगावला फाटा नेला, तो कापसाच्या गाठींसाठी. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ याच मध्य प्रांतात पडले, दारात रूळ असताना. माल बाहेर नेणाऱ्या गाडीला उपकार म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

बर्डीचा पोट्टा
सगळं कबूल, भाऊ. पण राजधानी कोणी नेली? १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ले आपला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आन् पुढे आपण झालो उपराजधानी. १ नोव्हेंबरच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरले, बाबासाहेबांनी याच गावात लाखो लोकांना दीक्षा दिली होती. देशाचं लक्ष इथं होतं, तेव्हाच इथलं मंत्रालय गुंडाळलं. हे इंग्रजांच्या नावावर टाकता येत नाही.

महालकर
विषय इंग्रजांचा आहे. वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा काढ.

बर्डीचा पोट्टा
काऊन? गोरा गेल्यावर कारभार कोणाच्या हातात गेला, हाच तर विषय आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फजल अली आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता. बाबासाहेबांनीही त्याच वर्षी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. ऐकलं कोणी?

सातारकर, मुक्काम नागपूर
बावीस वर्षं इथे राहतो आणि बावीस वर्षं हेच ऐकतो. वसंतराव नाईक कुठले? पुसदचे. १९६३ ते ७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्याआधी कन्नमवार, तेही विदर्भाचेच. खुर्ची तुमच्याकडे असताना अनुशेष वाढला, तर शिव्या आम्हाला का? विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी केलेला नागपूर करार ही पुढाऱ्यांची आपसातली समजूत होती. तिला कायद्याचं बळ कधीच नव्हतं.

वाळवणवाली
समजूत? २८ सप्टेंबर १९५३ ला सह्या केल्या. नोकऱ्या आणि शिक्षण लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकार ठरावीक काळ नागपुरात, वर्षातून एक तरी अधिवेशन इथे. सह्या करताना समजूत नव्हती, पाळायची वेळ आली की समजूत झाली. घटनेत विकास मंडळांसाठी कलम ३७१(२) घातलं, पण ती मंडळं यायला १९९४ उजाडलं आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

माझं माहेर औष्णिक वीज केंद्राच्या शेजारच्या गावात. आई चैत्रात गच्चीवर कुरडया घालायची. संध्याकाळी पदराने एकेक झटकायची, तरी तळल्यावर दाताखाली कचकच यायचीच. राखेची. गावात तेव्हा भारनियमन होतं. वीज तारेवरून मुंबईकडे आणि राख आमच्या ताटात. सातारकर, बावीस वर्षांत ती कुरडई खाल्लीत का तुम्ही?

सातारकर, मुक्काम नागपूर
ताई, कुरडईवर धोरण ठरत नसतं. कोयनेच्या धरणात आमच्याकडचीही गावं बुडाली. ती वीजही मुंबईलाच गेली. आम्ही वेगळं राज्य मागितलं नाही.

वाळवणवाली
मागायला हवं होतं. बुडालेलं गाव सांगून माझी राख खोटी ठरत नाही.

सदरचे काका
दोघेही थांबा. मी इंग्रजांचा चाहता नाही, पण त्यांच्या काळात शिस्त होती हे माझ्या वडिलांनी पाहिलं होतं. अर्ज दिला की उत्तर यायचं. आता हिवाळी अधिवेशनात मोर्चे येतात, बॅरिकेडपाशी निवेदन घेतात आणि पाठवून देतात.

महालकर
काका, त्या शिस्तीत काय झालं ते सांगतो. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायचं नाही, एवढाच हुकूम होता. तो मोडायला रोज तुकड्या निघायच्या आणि रोज तुरुंगात जायच्या. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई आले. साहेबाच्या वस्तीत आपल्या माणसाने पाय ठेवायचा नाही, ही ती शिस्त.

बर्डीचा पोट्टा
आन् २३ नोव्हेंबर १९९४?

कोणी उत्तर देत नाही म्हणून मीच लिहितो. गोवारी समाजाचा मोर्चा होता, आदिवासींच्या सवलतींसाठी. मी अकरावीत होतो, संध्याकाळी सायकलने त्या बाजूने परतत होतो. रस्त्यावर चपला होत्या. लहान मुलांच्या जास्त. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आन् पोरं. तिथं कोणी इंग्रज नव्हता, महालकर. सरकार आपलं होतं, आन् सिव्हिल लाइन्सचा रस्ता तेव्हाही बंदच होता.

महालकर
याला माझ्याकडे उत्तर नाही. इंग्रजांबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मागे घेत नाही. पण वस्ती त्यांनी आखली आणि कुंपण आपण राखलं, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. घाईत राहिलं.

वाळवणवाली
घाईत नाही राहिलं. तुम्हाला फक्त गोऱ्यांवर चिडायचं होतं.

महालकर
बरं. तसं समजा.

सदरचे काका
२०२० आणि २०२१ मध्ये अधिवेशन मुंबईतच झालं, तेव्हा आमच्या भागात शांतता होती. मला बरं वाटलं होतं. आज वाचून ते बरं वाटणं टोचतंय. शिस्तीबद्दल मात्र बोललो ते खरं आहे.

सातारकर, मुक्काम नागपूर
करार पाळला गेला नाही, एवढं मान्य. वेगळं राज्य हा उपाय आहे, हे अजूनही अमान्य. पोट्ट्या, झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावरून रोज ऑफिसला जातो, आत कधी गेलो नाही. येत्या २३ तारखेला कितीला जातोस ते कळव.

बर्डीचा पोट्टा
सकाळी आठले. उशीर करू नका, नंतर रस्ता बंद करतात.